आधी बघा, मग ऐका, मग फुंका: चिमुकल्या विमानाच्या पंखावरचा वारा

रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाताना एखादी झुळूक येते आणि मांडीवरचा रिकामा कागद उडून जातो. आपण तिला वारा म्हणतही नाही. पण सेकंदाला ८ मीटर वेगाने चाललेल्या दोनशे ग्रॅमच्या विमानाला तशीच झुळूक खालून सेकंदाला १ मीटरने लागली, तर पंखावर येणाऱ्या हवेचा कोन एका फटक्यात ७ अंशांनी बदलतो. प्रवासी विमान सेकंदाला २५० मीटरने जातं. त्याला त्याच झुळकीने पाव अंशाचाही फरक पडत नाही.

छोटं विमान उडवणं अवघड का, याचं अर्धं उत्तर एवढंच आहे. कोन वाढला की पंखावरची हवा पंखाची पकड सोडते. बहुतेक वेळा एका बाजूची आधी सोडते आणि विमान त्याच बाजूला पडतं. विमानातल्या जायरोला, म्हणजे कल मोजणाऱ्या सेन्सरला, हे विमान कलल्यावर कळतं. पंखात बसवलेल्या सेन्सरला मात्र हवा सुटायला लागली की कळतं, आणि त्याच जागी हवेला छोटासा धक्का देता आला तर पकड सुटायच्या आधीच सावरता येते. तालमीत गेलेल्यांना हे समजवावं लागत नाही. पकड सुटल्यावर दुप्पट जोर लावून काही होत नाही, सुटताना बोटभर जोर पुरतो.

माझं दिवसाचं काम उद्यमनगरात लेथवर आणि रविवारचं काम फोमच्या विमानांवर. भाचीला इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी हा विषय मिळाला आणि मी त्यात ओढला गेलो. तेव्हा कुणी क्रम सांगितला असता तर आमचे चार महिने वाचले असते. तो क्रम खाली देतोय. सोल्डरिंग येत असेल, मायक्रोकंट्रोलरवर एखादा दिवा लुकलुकवला असेल, तर एवढं तुम्हाला जमेल.

आधी एक आकडा काढून ठेवा

छोट्या पंखाचं अर्धं दुखणं झुळकीत, तर उरलेलं अर्धं रेनॉल्ड्स अंकात आहे. हवेचा जोर तिच्या चिकटपणापेक्षा किती मोठा, ते हा अंक सांगतो. वेग गुणिले पंखाची पुढून मागे रुंदी, म्हणजे कॉर्ड, भागिले हवेची गतिज श्यानता (घनतेच्या हिशोबात तिचा चिकटपणा). पुस्तकात श्यानता ०.००००१५ धरतात, पण ती समुद्रसपाटीवरची. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे ३० अंश तापमानाला हवेची घनता १.०९ किलो प्रति घनमीटरच्या जवळ येते आणि श्यानता ०.००००१७ च्या. १५ सेंटिमीटर कॉर्ड आणि ८ मीटर वेग धरला तर अंक येतो साधारण ७०,०००. मोठ्या विमानांत तो कोटींत असतो.

सत्तर हजारावर पंखालगतचा हवेचा पातळ थर गुळगुळीत वाहतो. ऐकायला छान वाटतं, पण हा गुळगुळीत थर अशक्त असतो. पंखाचा फुगवटा ओलांडून उताराला लागला की दाब पुन्हा वाढायला लागतो, त्या चढाला तो टिकत नाही आणि पंखापासून सुटतो. कधी सुटलेला थर खळबळून पुन्हा पंखाला चिकटतो आणि मध्ये हवेचा एक बुडबुडा राहतो. कधी चिकटतच नाही, मग स्टॉल, म्हणजे पंखाची उचल ढासळते. खळबळलेला थर जास्त दम धरतो, हे लुडविग प्रांटल यांनी १९१४ मध्ये गोलावर तारेचं एक कडं बसवून दाखवलं होतं. कडं बसवल्यावर गोलामागची भोवऱ्यांची शेपटी बारीक झाली. आपण हेच करणार आहोत, फक्त कडं गरजेपुरतंच असेल: लागेल तेव्हा असेल, नको तेव्हा नसेल.

पहिली पायरी: पंख

विमान करू नका. पंखाचा एक तुकडा करा. कॉर्ड १५० मिलिमीटर, लांबी ३०० ला दोन-तीन मिलिमीटर कमी. आकार एसडी-७००३ घ्या. हा पंख कमी रेनॉल्ड्स अंकावरच्या बुडबुड्यासाठी जगभर तपासला गेलाय, त्यामुळे तुमचं काही चुकलं तर ताडून बघायला आकडे मिळतात. जाडी कॉर्डच्या साडेआठ टक्के, म्हणजे आपल्या पंखात पावणेतेरा मिलिमीटर. आत हात जात नाही, पण पुढे हवेला धक्का द्यायला लागणारा मोबाईलचा स्पीकर बसतो.

थ्रीडी प्रिंट करून घ्या आणि वरची बाजू पॉलिश पेपरने घासा. प्रिंटच्या रेघा राहिल्या तर त्याच तारेच्या कड्याचं काम करतात आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचं श्रेय स्पीकरला देता. आमचा पहिला पंख इतका खरखरीत होता की त्यावर बुडबुडा दिसेचना. आम्ही दोन आठवडे सेन्सरला शिव्या घातल्या.

दुसरी पायरी: वाऱ्याचा बोगदा

आतून ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोनी बोगदा, प्लायवूडचा, एका बाजूला काच. पंखा मागच्या टोकाला लावा आणि हवा ओढून घ्या. पुढून फुंकलीत तर पंख्याची गिरकी थेट तुमच्या पंखावर येते. (पंखाला आणि पंख्याला, या दोघांत एका ‘य’चा फरक. प्रोजेक्टच्या वहीत तो हमखास चुकतो.)

३० बाय ३० मधून ८ मीटर वेग हवा असेल तर ताशी सुमारे २,६०० घनमीटर हवा लागते. घरातला स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट इथे दमतो. कारखान्याच्या भिंतीत असतो तसला १८ इंची हेवी ड्यूटी एक्झॉस्ट घ्या. जुना चालेल, बेअरिंग मात्र नवीन घाला. तोंडाशी ६० बाय ६० वरून ३० बाय ३० वर येणारा निमुळता भाग करा आणि त्याच्यापुढे स्ट्रॉची जाळी. सहा मिलिमीटरचे कागदी स्ट्रॉ पाच-पाच सेंटिमीटरचे कापून एकमेकांना चिकटवायचे. एका स्ट्रॉचे चार तुकडे धरले तरी अडीच हजारांच्या वर स्ट्रॉ लागतात. प्लॅस्टिकचे शोधू नका, १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. जाळीमागे मच्छरदाणीच्या कापडाचा एक पडदा ताणा.

आमच्या शेजारच्या शॉपमधले मामा तीन दिवस येता-जाता बघत होते. चौथ्या दिवशी थांबले. "काय वो, मधाचं पोळं कराय लागलाय काय?" हवा सरळ करायला आहे म्हटल्यावर म्हणाले, "सरळ हवा व्हय? ती तर आमच्याकडं फुकट येत्या, पंचगंगेवरनं." पण स्ट्रॉ कापायचा जिग त्यांनीच करून दिला.

वेग मोजायला वाऱ्याकडे तोंड करून त्याचा दाब घेणारी पिटो नळी आणि दाबाचा सेन्सर लागेल, पण त्याआधी पाण्याचा तिरका मॅनोमीटर करा. सलाईनची पारदर्शक नळी, दहाला एक अशा उतारावर पट्टीला बांधलेली, आत रंगीत पाणी. ८ मीटर वेगाला दाब येतो फक्त ३५ पास्कल, म्हणजे उभ्या नळीत साडेतीन मिलिमीटर पाणी. तिरक्या नळीत तेच ३६ मिलिमीटर सरकतं आणि साध्या डोळ्यांनी वाचता येतं. पुढे डिजिटल सेन्सर खोटं बोलायला लागला की हीच नळी साक्षीला येते.

तिसरी पायरी: दोरे

या पायरीला बहुतेक जण फाटा देतात आणि म्हणूनच पुढे अडकतात.

बारीक पॉलिस्टर दोरा घ्या, शिवणकामाचा. इचलकरंजीच्या कुणा यंत्रमागवाल्याची ओळख असेल तर उरल्यासुरल्या बॉबिनवर कामाचा दोरा मिळून जातो. अडीच-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. पंखाच्या वरच्या बाजूला, कॉर्डच्या १५, ३०, ४५, ६०, ७५ आणि ९० टक्क्यांवर आडव्या ओळी आखा आणि प्रत्येक ओळीत दोन-दोन सेंटिमीटरवर एक दोरा, पातळ टेपच्या बारीक चौकोनाने पुढच्या टोकाला चिकटवा. पहिली ओळ मागाहून काढून टाकायची आहे, कारण पुढचे दोरेही हवा खळबळवतात.

आता पंखा चालू करा आणि पंखाचा कोन शून्यापासून दोन-दोन अंशांनी वाढवत न्या. काचेतून मोबाईलने व्हिडिओ घ्या, स्लो मोशनमध्ये. ४ अंशांपर्यंत दोरे मागे शांत पडलेले दिसतील. मग कुठेतरी मधली ओळ थरथरायला लागेल आणि तिच्या मागची पुन्हा शांत असेल. तो बुडबुडा. कोन वाढवत गेलात की थरथर पुढे सरकते. मग ९० टक्क्यांची ओळ उभी राहते, लोळते आणि शेवटी दोऱ्यांची टोकं पुढे, वाऱ्याच्या उलट्या दिशेला वळतात. तिथे हवा खरोखर उलटी वाहत असते. भाचीने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती काचेला नाक लावून दहा मिनिटं नुसती बघत बसली होती.

प्रत्येक कोनाला किती दोरे झोपलेत, किती थरथरतायत, किती उलटलेत, हे वहीत लिहा. हा तक्ता तुमचा पंच. पुढे सेन्सर काहीही म्हणाला तरी तो या तक्त्याशी जुळला पाहिजे.

चौथी पायरी: ऐकणारे

दोन सेन्सर लागतील, कारण दोन वेगळ्या गोष्टी ऐकायच्या आहेत.

पहिला, दोन ठिकाणच्या दाबातला फरक सांगणारा. निवडताना त्याची कमाल मर्यादा आधी बघा. विमानांच्या किटमध्ये सर्रास येणारा सेन्सर १ पीएसआयचा असतो, म्हणजे सुमारे ६,९०० पास्कल. आपला सगळा खेळ ३५ पास्कलचा, म्हणजे त्याच्या पट्टीच्या अर्धा टक्का. ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबीर मोजल्यासारखं होतं. एसडीपी-८१० हा १२५ पास्कलवाला प्रकार घ्या. मायक्रोकंट्रोलरशी आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर बोलतो, वाचलेला कच्चा आकडा २४० ने भागला की थेट पास्कल.

याच्या पोटात एक खोच आहे. हा पडद्याचा सेन्सर नव्हे. आत एक अतिसूक्ष्म हीटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तापमान मोजणारे बिंदू असतात. दाबाच्या फरकाने थोडीशी हवा आतून वाहते, उष्णता एका बाजूला सरकते आणि त्यावरून दाब कळतो. म्हणजे याला हवा प्यायला लागते. पंखावरचं भोक फार बारीक केलंत किंवा नळी लांब ठेवलीत तर वाचन कमी येतं. भोक १ मिलिमीटरचं ठेवा, नळी आखूड ठेवा. सेन्सरचं एक टोक पंखाच्या वरच्या बाजूला कॉर्डच्या ८५ ते ९० टक्क्यांवरच्या भोकाला, दुसरं बोगद्याच्या भिंतीतल्या भोकाला. हवा पंखाला धरून असते तोवर मागच्या कडेला दाब सावरलेला असतो. पकड सुटली की तिथला दाब ढासळतो.

दुसरा सेन्सर म्हणजे कान. आयएनएमपी-४४१ नावाचा सूक्ष्म मायक्रोफोन मिसळीच्या प्लेटच्या आसपासच्या पैशात मिळतो. त्याच्या पाटीवर बारीक भोक असतं, ते पंखाच्या कातडीतल्या भोकासमोर आणून आतून चिकटवा, कॉर्डच्या ५० टक्क्यांच्या आसपास. झटपट गम वापरू नका. त्याची वाफ भोकात जाऊन बसते आणि कान कायमचा बहिरा होतो. माझे दोन असेच गेले.

आता नवख्यांची नेहमीची चूक. आवाज वाढला म्हणजे हवा सुटली, असं नाही. खळबळलेला पण पंखाला चिकटलेला थरही आवाज करतो, पण तो बारीक, सुस्काऱ्यासारखा. पूर्ण सुटलेल्या हवेचे भोवरे मोठे आणि सावकाश असतात, त्यांची घरघर खालच्या पट्टीत येते. आपल्या पंखाला १५ अंशांवर ती ४० हर्ट्झच्या आसपास धरा. इथे मायक्रोफोन जरा कमी ऐकतो, कारण त्याची भरवशाची हद्द ६० हर्ट्झपासून सुरू होते. म्हणून दाबाचा सेन्सर जोडीला ठेवायचा. एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही.

शिवाय कानाला तुमचा पंखाही ऐकू येतो. मोटर मिनिटाला १,४०० फेरे घेत असेल आणि पाती पाच असतील, तर ११७ हर्ट्झला एक सूर लागतो. विजेची ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण वेगळी. म्हणून आधी पंख शून्य अंशावर ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा, त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज याचा आलेख, काढा आणि भिंतीवर चिकटवा. हे सूर आपले नव्हेत, हे रोज दिसलं पाहिजे.

याहून बारीक काम करणारे लोक पंखाच्या पृष्ठभागावर केसाहून पातळ तापपट्ट्या बसवतात. पट्टीवरून हवा किती घासून जाते त्यानुसार ती थंड होते आणि पकड कुठे सुटली ते नेमकं कळतं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात यूसीएलएचे चिह-मिंग हो आणि कॅलटेकचे यू-चाँग ताय यांच्या गटांनी त्रिकोणी पंखाच्या पुढच्या कडेवर अशा पट्ट्या लावून सुटण्याची जागा शोधली आणि तिथेच सूक्ष्म पापुद्रे उचलून पंखाला एका बाजूला कलवून दाखवलं. तसल्या पट्ट्या घरी होत नाहीत, त्याच्या नादाला सुरुवातीला लागू नका.

पाचवी पायरी: फुंकर

हवेला धक्का द्यायला पंप लागत नाही. एक बंद डबी, तिच्या एका भिंतीला हलणारा पडदा, दुसऱ्या भिंतीला फट. पडदा आत आला की फटीतून हवा फेकली जाते, मागे गेला की आजूबाजूची हवा आत ओढली जाते. बाहेरून हवा आणावी लागत नाही, तरी फटीसमोर एकाच दिशेने जाणारी फुंकर तयार होते, कारण फेकताना भोवरा सुटून लांब निघून जातो आणि ओढताना हवा सगळ्या बाजूंनी येते. मेणबत्ती फुंकून विझते, ओढून विझत नाही, तेच हे. याला सिंथेटिक जेट म्हणतात. जॉर्जिया टेकचे आरी ग्लेझर आणि बार्टन स्मिथ यांचा यावरचा १९९८ चा शोधनिबंध अजून सगळे वाचतात.

पडद्यासाठी दोन पर्याय. एक, बझरमधली २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती, वडापावच्या दरात. पातळ आहे, हलकी आहे, पण साधारण ४,००० हर्ट्झवर जोर दाखवते आणि नीट चालवायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. डीआरव्ही-२६६७ सारखी चिप २०० व्होल्टपर्यंत झोका देते. विमानात शेवटी हीच लागेल. पण सुरुवात दुसऱ्याने करा: मोबाईलचा चपटा स्पीकर आणि पाच व्होल्टवर चालणारा पीएएम-८४०३ चा छोटा ॲम्प्लिफायर. चटका बसत नाही, आणि जळाला तर मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या भंगाराच्या डब्यात दुसरा असतो.

फट कुठे? हवा सुटते त्याच्या किंचित आधी. मागे ठेवलीत तर सुटलेल्या हवेला फुंकर घालून उपयोग नाही. मोठ्या कोनाला सुटण्याची जागा पुढच्या कडेजवळ येते, म्हणून कॉर्डच्या ८ ते १० टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून १२ ते १५ मिलिमीटर. तिथे पंख पातळ असतो, म्हणून डबी मागे, जाड भागात, आणि तिथून फटीपर्यंत आतून वाट. फटीची रुंदी अर्धा मिलिमीटर, मागच्या बाजूला ३० ते ४५ अंश तिरकी. प्रिंटर एवढी फट स्वच्छ काढत नाही. आमची युक्ती गॅरेजमधली: टॅपेट सेट करायचं फीलर गेज असतं ना, त्यातलं ०.५० चं पान तेलाचा हात फिरवून मध्ये ठेवायचं, दोन्ही बाजूंनी एपॉक्सी लावायचं, घट्ट होत आलं की पान सरकवून काढायचं. कड आरशासारखी येते.

तपासायला उदबत्ती. स्पीकरला आवाज द्या, उदबत्तीचा धूर फटीच्या बाजूला धरा. धूर बाजूने आत ओढला जाऊन समोर दोरीसारखा फेकला गेला तर फुंकर तयार आहे. नुसता थरथरला तर डबी कुठेतरी गळतेय. दहात नऊ वेळा तारा बाहेर काढलेल्या भोकातून गळते.

आता वारंवारता. सुटलेल्या थराला त्याच्या स्वतःच्या तालावर धक्का दिला तर थोडक्यात काम होतं. झोपाळ्याला झोका देण्यासारखं. ढोबळ हिशोब असा: वेग भागिले सुटलेल्या भागाची लांबी. ८ मीटर वेग आणि १० सेंटिमीटर लांबी म्हणजे ८० हर्ट्झ. पण मोबाईलचा स्पीकर ८० हर्ट्झला हलतच नाही, त्याचा आवाज ८०० ते १,००० हर्ट्झच्या आसपास खुलतो. मग त्याला ९०० हर्ट्झचा सूर द्या आणि तो सेकंदाला ८० वेळा चालू-बंद करा. हवेला ८० चे झोके पोचतात. कानाला मात्र असह्य होतं. संध्याकाळी सातनंतर लावू नका, शेजारी येतात.

सहावी पायरी: डोळे मिटून फुंकू नका

आता सेन्सर आणि स्पीकर एकमेकांना जोडायची घाई होते. थांबा. आधी हाताने चालू-बंद करून बघा.

कोन स्टॉलच्या एक अंश पुढे ठेवा, जिथे मागचे दोरे उलटलेले असतात. स्पीकर बंद ठेवून एक मिनिट नोंद, चालू करून एक मिनिट. ताल बदला: २०, ४०, ८०, १६०, ३२० हर्ट्झ. मग आवाजाची ताकद बदला. मग कोन. शक्य असेल तर उचलही मोजा. पंख एका खांबावर, खांब छोट्या डिजिटल काट्यावर. गुजरीतल्या सराफांकडे असतो तसला, दशांश ग्रॅम दाखवणारा. आपल्या पंखाची उचल १२५ ते १३० ग्रॅमच्या आसपास येते, तेव्हा अर्धा किलोचा काटा पुरतो. पंख बोगद्याच्या भिंतीला टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी फिरवून बघा. टेकला तर काट्यावर काहीही येतं.

आमचा सगळ्यात मोठा पोपट इथे झाला. स्पीकर चालू केला की मायक्रोफोनमध्ये खालच्या पट्टीची घरघर बदलायची, स्पष्ट. आम्ही खूश, भाचीने स्लाइड बनवली. पाच दिवसांनी लाईट गेली, पंखा थांबला, बॅटरीवरचा स्पीकर चालूच राहिला, आणि ग्राफ तसाच! वारा नसतानाही ‘हवा सावरत’ होती. कान हवेला नाही, थेट स्पीकरला ऐकत होता, पंखाच्या अंगातून. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक चाचणी आधी वारा बंद ठेवून करायची आणि तेवढं वजा करायचं. दुसरा उपाय, स्पीकर गप्प असतो त्या अर्ध्या झोक्यातच ऐकायचं. आणि पंच आहेच. दोरे झोपले तरच मान्य.

इथेच झिगझॅग टेपचीही चाचणी करा. पॅकिंग टेप नागमोडी कात्रीने कापून फटीच्या जागी चिकटवा. तिला वीज लागत नाही, वजन नाही. साध्या कोनांना टेपनेच काम होत असेल तर तिथे चिप लावण्यात अर्थ नाही, हे माझं मत कॉलेजच्या परीक्षकांना आवडलं नव्हतं. पण टेप कायम असते, वेगात जाताना तीच उगाच ओढ, म्हणजे हवेचा अडथळा, वाढवते. जी गोष्ट कधी हवी, कधी नको, तिथेच सेन्सर आणि फुंकर यांची जोडी पैसे वसूल करते: झुळकीत, उतरताना, वळताना.

सातवी पायरी: जोडणी

ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर पुरेसा आहे. पीआयडी वगैरे नियंत्रणाची गणितं लगेच लिहू नका. दोन उंबरे ठरवा. मागच्या कडेचा दाब पहिल्या उंबऱ्याखाली आणि खालच्या पट्टीचा आवाज त्याच्या उंबऱ्यावर, दोन्ही सलग ५० मिलिसेकंद राहिले, तर स्पीकर चालू, सोबत एक दिवाही. दाब दुसऱ्या, जरा वरच्या उंबऱ्यावर जाऊन अर्धा सेकंद टिकला तरच बंद. एकच उंबरा ठेवलात तर स्पीकर लुकलुकत राहतो. पंख दोन अंशांवरून चौदावर हाताने झटकन फिरवा आणि व्हिडिओत बघा: दोरे उलटले, दिवा लागला, दोरे झोपले. दिवा आधी आणि दोरे नंतर असं झालं तर फारच छान.

पावसाळ्यात एक त्रास. जुलैत इथली हवा इतकी ओली असते की बारीक नळ्यांत पाण्याचा थेंब बसतो आणि सेन्सर शून्य सोडून भलतंच दाखवतो. रोज सुरुवातीला वारा बंद ठेवून शून्य बघा. नळ्या सेन्सरपासून सोडवून मगच फुंका. जोडलेल्या ठेवून तोंडाने फुंकलंत तर १२५ पास्कलच्या सेन्सरवर अन्याय होतो.

उडवण्याआधी वह्या जुळवा

दोनशे ग्रॅमचं विमान, उचल आणि ओढ यांचं प्रमाण ५ धरलं, तर ८ मीटर वेगाला ओढीवर सुमारे ३.१ वॅट जातात. प्रोपेलर आणि मोटर मिळून चाळीस टक्के कार्यक्षम धरले तर बॅटरीतून ८ वॅट. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर मिळून १ वॅट घेत असतील, तर कायम चालू ठेवून ओढ आठव्या भागाने कमी व्हायला हवी. नाही तर तोटा. झुळकीच्या वेळीच चालवलं तर हिशोब लगेच बदलतो. १५ सेंटिमीटरचं, ८० ग्रॅमच्या आसपासचं ‘ब्लॅक विडो’ हे अमेरिकन विमान अर्धा तास हवेत राहिलं होतं ते असाच एकेक ग्रॅम आणि वॅट मोजून.

पहिलं विमान १५ सेंटिमीटरचं करू नका. ६० ते ७० सेंटिमीटर पसाऱ्याचं फोमचं, सगळं धरून २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ते नॅनो गटात राहतं. जागा बघताना त्याच नियमांतली दुसरी ओळ वाचा: विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा पट्टा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. उजळाईवाडीचं विमानतळ धरलं तर विद्यापीठ, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, सगळं त्या आत येतं. म्हणून आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला, हिरव्या, म्हणजे अशी परवानगी न लागणाऱ्या पट्ट्यात जातो. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक वेळी उघडा.

ऊस तुटून गेलेलं रान निवडा, थंडीतली सकाळ, आठच्या आत. उभ्या उसात पडलेलं विमान सापडत नाही. सापडलंच तर पुढच्या गळीत हंगामात, तोडकऱ्याच्या हातात.

पहिली पाच उड्डाणं स्पीकर न लावता, फक्त सेन्सरची नोंद घेत. प्रोपेलरचा थरकाप कानात किती येतो ते त्यात कळेल, आणि बोगद्यातले उंबरे इथे चालणार नाहीत हेही कळेल. ते नव्याने ठरवा. सहाव्यापासून स्पीकर रिमोटच्या एका खटक्यावर ठेवा: खटका वर असेल तर सेन्सर ठरवेल, खाली असेल तर बंद. पन्नास मीटर उंचीवर जा, थ्रॉटल कमी करा, नाक हळूहळू उचला आणि विमान कुठल्या बाजूला पडतं ते बघा. खटका खाली ठेवून दहा वेळा, वर ठेवून दहा वेळा. प्रत्येक वेळी कुठल्या बाजूला पडलं ते जोडीदाराने ओरडून सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. पायलटने लिहायचं नाही, त्याला नेहमी खटका वर असतानाच विमान छान उडाल्यासारखं वाटतं.